मुक्त प्रणालीच्या इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर असावं का?

लॅपटॉप नवा, पातळ, वजनाला हलका. कडेला यूएसबीची दोन तोंडं, हेडफोनचं एक भोक, आणि बस. नेटवर्कची वायर लावायला जागाच नाही. पेन ड्राइव्हवर डेबियन ११ घेतलेलं आहे. डेबियन म्हणजे लिनक्सवर उभी असलेली एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टम. इन्स्टॉलर, म्हणजे ती मशीनवर बसवणारा प्रोग्राम, सुरू होतो, भाषा मराठी निवडली जाते (डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो, हे अनेकांना माहीत नसतं), आणि थोड्या वेळात गाडी अडते. पडद्यावर सूचना येते: तुमच्या काही हार्डवेअरला मुक्त नसलेल्या फर्मवेअर फाइली लागतात, त्या पेन ड्राइव्हवरून किंवा फ्लॉपीवरून द्या. खाली एका फाइलचं लांबलचक, न वाचता येणारं नाव. ती फाइल इंटरनेटवर आहे. इंटरनेट वायफायवरून येणार आहे. आणि वायफाय त्या फाइलीशिवाय चालू होत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत.

जाणकार माणूस यातून वाट काढतो. फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट घेतो, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती फाइल उतरवून आणतो. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली, कुणाचं तरी ऐकून पहिल्यांदाच लिनक्स लावायला बसलेली मुलगी काय करते? ती पेन ड्राइव्ह काढते, आणि बहुतेक वेळा पुन्हा लावत नाही.

डेबियनने ती फाइल विसरून बाहेर ठेवलेली नव्हती. ठरवून ठेवली होती, आणि त्या ठरवण्यामागे जवळजवळ वीस वर्षांची भांडणं होती. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मतदान होऊन ते ठरवणं बदललं. त्या बदलापर्यंतचा रस्ता समजून घेतला, तर आपल्या मशीनच्या पोटात नक्की काय चालतं आणि त्यातलं किती आपल्या हातात असतं, हेही कळतं. म्हणून हा लेख थोडा सावकाश लिहितो आहे.

फर्मवेअर म्हणजे नक्की काय

लॅपटॉपमध्ये एकच प्रोसेसर असतो, असा आपला समज असतो. खरं म्हणजे तिथे छोट्या-मोठ्या प्रोसेसरांचं अख्खं बिऱ्हाड नांदतं. वायफायच्या चिपमध्ये एक प्रोसेसर. एसएसडीमध्ये एक, टचपॅडमध्ये एक, वेबकॅममध्ये एक, ग्राफिक्स कार्डात तर बरेच. बॅटरीतही एक चिमुकला असतो. या प्रत्येकावर त्याचा स्वतःचा प्रोग्राम चालतो, आणि तो प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. तुमच्या वॉशिंग मशीनमध्ये 'आधी पाणी घे, मग फिरव, मग पिळ' हे ठरवणारा जो प्रोग्राम आहे, तोही फर्मवेअरच.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांची गल्लत होते, म्हणून ती इथेच सोडवू. ड्रायव्हर मुख्य प्रोसेसरवर, कर्नलच्या म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या आत चालतो. तो ऑपरेटिंग सिस्टमचा भाग असतो आणि चिपला सांगतो, 'माहितीचं हे पाकीट हवेत सोड.' फर्मवेअर त्या चिपच्या आत बसून ते पाकीट प्रत्यक्षात सोडतं. लिनक्समधले बहुतेक वायफाय ड्रायव्हर पूर्ण मुक्त आहेत, कुणीही वाचावेत, बदलावेत. पण ते ज्याच्याशी बोलतात तो चिपमधला प्रोग्राम बंद असतो. कंपनी आपल्याला फक्त आकड्यांची एक पुडी देते. तिचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येईल असं मूळ लिखाण, कंपनीकडेच राहतो. अशा पुडीला या क्षेत्रातले लोक 'ब्लॉब' म्हणतात.

'मुक्त' या शब्दाबाबत मराठी वाचकाला फारसं समजवावं लागत नाही. इंग्रजीत एकाच शब्दात मुक्त आणि फुकट दोन्ही कोंबलेलं असल्याने तिकडे दर वेळी खुलासा करावा लागतो. आपल्याकडे दोन शब्द वेगळे आहेत. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे हव्या त्या कामासाठी चालवता येतं, उघडून अभ्यासता येतं, दुसऱ्याला देता येतं, आणि बदलून ते बदललेलं रूपही वाटता येतं. वायफायचं फर्मवेअर फुकट मिळतं, बऱ्याचदा वाटताही येतं. उघडता मात्र येत नाही.

फाइल डिस्कवर आली कशी

पूर्वी हा प्रश्न कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. कार्डावरच रॉम किंवा फ्लॅशची, म्हणजे वीज गेली तरी मजकूर जपणारी, एक चिप असायची आणि फर्मवेअर कारखान्यातच तिच्यात भरलेलं असायचं. कार्ड लावलं की चाललं. आत प्रोग्राम आहे याची वापरणाऱ्याला दादही नसायची.

मग कंपन्यांच्या लक्षात आलं की ती फ्लॅश चिप वाचवता येते. कार्डावर फक्त वीज गेली की पुसली जाणारी रॅम ठेवायची, आणि दर वेळी मशीन सुरू झालं की ड्रायव्हरने फर्मवेअरची फाइल डिस्कवरून उचलून कार्डात ओतायची. दर नगामागे थोडे पैसे वाचले, आणि फर्मवेअरमध्ये चूक सापडली तर नवी फाइल पाठवून ती दुरुस्त करता येऊ लागली. व्यवहार म्हणून यात गैर काहीच नाही. पण यामुळे जो बंद प्रोग्राम आजवर कार्डाच्या पोटात होता, तो आता तुमच्या डिस्कवरची फाइल बनून समोर आला. आणि फाइल म्हटली की प्रश्न आले: ही कुणाची? हिचा परवाना काय? हिचा सोर्स कुठे? ही आम्ही आमच्या नावाने का वाटायची?

या वादातला सगळ्यात अवघड गुंता मला इथेच दिसतो. दोन वायफाय कार्डं घ्या. दोन्हींत तोच बंद प्रोग्राम आहे, अक्षर न अक्षर तोच. एकात तो रॉममध्ये कोरलेला आहे, दुसऱ्यात तो फाइल म्हणून येतो. 'बंद फाइल चालणार नाही' असा नियम केला, तर पहिलं कार्ड सोवळं ठरतं आणि दुसरं ओवळं. वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य दोन्हीकडे सारखंच कमी आहे. उलट दुसऱ्या कार्डाच्या बाबतीत उद्या कुणी मुक्त फर्मवेअर लिहिलं, तर ते त्यात ओतण्याची निदान शक्यता तरी असते. पहिल्याचं दार कायमचं बंद.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणारी संस्था ज्या उपकरणांना 'तुमच्या स्वातंत्र्याचा आदर करणारं' असं प्रमाणपत्र देतं, त्यांच्या नियमात ही सवलत खरोखरच आहे: दुय्यम प्रोसेसरवरचा जो प्रोग्राम कारखान्यात भरला गेला आणि नंतर बदलायचाच नाही, त्याला हार्डवेअरचाच भाग समजावं. प्युरिझम या कंपनीने लिब्रेम ५ हा फोन बनवताना ही अट गाठण्यासाठी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. फोनची मेमरी जागी करायला एक बंद फर्मवेअर लागत होतं. त्यांनी ते वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये ठेवलं आणि मुख्य प्रोसेसरने त्याला हात लावू नये म्हणून शेजारच्या छोट्या प्रोसेसरकडून भरण्याची योजना केली. ही मंडळी मनापासून काम करणारी आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तो ब्लॉब तेवढाच बंद राहिला, फक्त जागा बदलली. एवढी मेहनत नियमाच्या रेषेसाठी खर्ची पडावी, याचं मला वाईट वाटतं.

वचन आणि त्यातला 'आणि'

डेबियनची सुरुवात १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी केली. १९९७ च्या जुलैमध्ये या प्रकल्पाने 'सामाजिक करार' नावाचं वचनपत्र स्वीकारलं. जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांनी वापरणाऱ्यांना दिलेला हा शब्द. त्यातलं पहिलं कलम सांगतं की डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. चौथं कलम सांगतं की आमचं प्राधान्य आमचे वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना आहे.

त्या चौथ्या कलमातल्या 'आणि'वरच पुढची वीस वर्षं माणसं झुंजली. वापरकर्त्याचं हित आणि सॉफ्टवेअरचं मुक्तपण एका दिशेने चालतात तोवर ठीक. ती नवा लॅपटॉप घेऊन बसलेली मुलगी समोर आली की दोन्ही समोरासमोर उभी राहतात.

जे मुक्त नाही ते डेबियनने कधी फेकून दिलं नाही, हेही सांगायला हवं. त्यासाठी 'नॉन-फ्री' नावाचं वेगळं फडताळ होतं. तिथल्या वस्तू डेबियनच्याच सर्व्हरवर असत, पण 'हा डेबियनचा भाग नव्हे' असं स्पष्ट सांगून. ज्याला हवं त्याने सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्या यादीत एक ओळ लिहून ते फडताळ उघडावं. तत्त्व आणि सोय यांच्यातली ही तडजोड वाईट नव्हती. अडचण एवढीच की इन्स्टॉलर चालत असताना ते फडताळ उघडायलाही नेट लागतं.

भांडणाची सुरुवात मात्र इन्स्टॉलरवरून झाली नाही. कर्नलच्या सोर्समध्येच काही ड्रायव्हरांच्या फाइलीत हजारो आकड्यांच्या रांगा होत्या. दिसायला सोर्स कोड, प्रत्यक्षात फर्मवेअर. सर्व्हरमध्ये सर्रास असणाऱ्या एका नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर त्यातलाच. २००४ मध्ये करारातल्या शब्दांची 'संपादकीय' म्हणून दुरुस्ती झाली, आणि तिचा अर्थ असा निघाला की मुक्तपणाची अट डेबियनमधल्या प्रत्येक गोष्टीला लागू आहे. मग कर्नलमधल्या त्या आकड्यांनाही ती लागू. मग सार्ज ही पुढची आवृत्ती निघणार कशी? पुन्हा मतदान घेऊन अंमलबजावणी पुढे ढकलली. सार्ज २००५ मध्ये निघाली. २००६ मध्ये एच या आवृत्तीसाठी पुन्हा मतदान, पुन्हा सवलत. २००८ च्या डिसेंबरात लेनी या आवृत्तीच्या वेळी प्रकरण इतकं कडवट झालं की मतदानाचं काम पाहणाऱ्या सचिवांनी राजीनामा दिला.

बाहेरून पाहणाऱ्याला हा शब्दच्छल वाटेल. मला तसं वाटत नाही. पगार नसलेले, एकमेकांना क्वचितच भेटणारे शेकडो लोक एका लिखित शब्दाच्या बळावर एकत्र काम करतात. तो शब्द सोयीनुसार वाकवला तर त्यांना बांधून ठेवणारं दुसरं काही उरत नाही. म्हणून ते भांडले.

२०११ च्या फेब्रुवारीत आलेल्या स्क्वीझ आवृत्तीने हा प्रश्न एका बाजूने निकाली काढला. कर्नलमधलं सगळं बंद फर्मवेअर उपसून नॉन-फ्री फडताळात टाकलं. वचन पाळलं गेलं. आणि नेमक्या त्याच काळात लॅपटॉपवरून वायरीचं तोंड नाहीसं होऊ लागलं.

मग एक पळवाट तयार झाली. डेबियनच्याच लोकांनी फर्मवेअर भरलेल्या इन्स्टॉलरच्या वेगळ्या प्रती तयार करायला सुरुवात केली. त्यांना 'अनधिकृत' म्हणायचं, आणि संकेतस्थळावर त्या सहज सापडणार नाहीत अशा कोपऱ्यात ठेवायच्या. कुणी अडचण सांगितली की कानात सांगायचं, 'अरे, ती दुसरी प्रत घे.' म्हणजे नवख्या माणसाच्या हाती अधिकृत म्हणून जी प्रत पडे ती त्याच्या मशीनवर अडे, आणि जी चाले ती मुद्दाम आडबाजूला. ज्याला ओळखीपाळखी आहेत त्याला काम होतं, ज्याला नाहीत त्याला नाही. एका मुक्त प्रकल्पात असं व्हावं, हे मला त्या बंद फाइलीपेक्षा जास्त बोचतं.

न देण्याच्या बाजूचं म्हणणं

माझा कल कुठे आहे हे एव्हाना कळलं असेल. तरी दुसऱ्या बाजूचं म्हणणं नीट मांडतो, कारण ते हलकं नाही.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळच मुळात एका उपकरणातून जन्माला आली. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरचा सोर्स हाताशी असल्याने तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यात अशी सोय केली होती की कागद अडकला की ज्यांचं काम रांगेत आहे त्यांना निरोप जावा. नव्या प्रिंटरचा सोर्स मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्या माणसाने गुप्ततेच्या करारामुळे द्यायला नकार दिला. पुढे १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी पूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टम बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत ते हा प्रसंग सांगतात. ज्या चळवळीच्या मुळाशी 'यंत्र माझं, पण आतला प्रोग्राम माझा नाही' ही चीड आहे, तिने आज तशीच बंद पुडी स्वतःच्या हाताने वाटावी का?

दुसरं म्हणणं बाजाराचं. इन्स्टॉलरने बंद फर्मवेअर निमूटपणे भरलं, सगळं चाललं, तर कंपनीवर सोर्स देण्याचा दबाव कुठून येणार? अडचण सोसणारा ग्राहकच पुढच्या वेळी विचारून कार्ड घेतो. अशा आग्रहाला फळ आल्याचं उदाहरणही आहे. एथेरॉस या कंपनीच्या एका यूएसबी वायफाय चिपचं फर्मवेअर २०१३ मध्ये मुक्त झालं, आणि आजही पूर्ण मुक्त प्रणाली वापरणारे तीच चिप शोधून घेतात. ब्रॉडकॉमच्या जुन्या काही चिपांसाठी इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठातल्या संशोधकांनी स्वतः मुक्त फर्मवेअर लिहिलं होतं.

ट्रिस्क्वेल, पॅराबोला, गीक्स यांसारख्या प्रणाली हीच वाट काटेकोरपणे चालतात. त्या लिनक्स-लिब्र हे कर्नल वापरतात. त्यात फर्मवेअर तर नसतंच, शिवाय ड्रायव्हरमधली बंद फाइलींची नावंही खोडलेली असतात, म्हणजे चुकूनसुद्धा ती भरली जाऊ नयेत. अशा प्रणाली असायलाच हव्यात. मुक्तपणाची सीमा कुठे आहे हे कुणीतरी जगून दाखवावं लागतं.

पण दबावाच्या त्या युक्तिवादाला अनुभवाचा आधार फार थोडा आहे. चिप बनवणारी कंपनी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला माल विकते, आणि त्या दोघींच्या हिशेबात डेबियन लावणारा ग्राहक दिसतही नाही. डेबियनने २०११ पासून बारा वर्षं इन्स्टॉलर कोरा ठेवला. त्या बारा वर्षांत बंद फर्मवेअर कमी झालं नाही, कितीतरी वाढलं. सोसलं ते फक्त वापरणाऱ्याने.

सुरक्षिततेची उलटी बाजू

२०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही दोन नावं जगाला कळली. प्रोसेसर वेग वाढवण्यासाठी पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो, आणि त्या अंदाजाच्या खुणांवरून दुसऱ्या प्रोग्रामची गुपितं वाचता येतात, असा तो दोष होता. काही दुरुस्त्या कर्नलमध्ये करता आल्या. काहींसाठी मात्र प्रोसेसरचा मायक्रोकोड बदलणं भाग होतं. मायक्रोकोड म्हणजे मुख्य प्रोसेसरच्याच आत चालणारं फर्मवेअर. तेही बंद, आणि डेबियनमध्ये तेही नॉन-फ्री फडताळात.

म्हणजे ज्याने तत्त्वाने ते फडताळ कधी उघडलं नाही, त्याच्या प्रोसेसरमध्ये काय चालत होतं? कारखान्यातून आलेला जुना मायक्रोकोड. तोही तितकाच बंद, वर भोक पडलेला. नवी फाइल नाकारून त्याला तसूभरही जास्त स्वातंत्र्य मिळालं नाही. मिळाली ती जाहीर झालेली एक त्रुटी. अंध वापरकर्त्यांचा मुद्दा पुढे येतोच, पण मला पटवलं ते आधी याने.

याच प्रकरणात परवान्याची गंमत नव्हे, चिंता म्हणावी अशी एक गोष्ट घडली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने नव्या मायक्रोकोडच्या परवान्यात एक कलम घातलं, की याच्या वेगाच्या चाचण्यांचे आकडे प्रसिद्ध करायचे नाहीत. डेबियनने ती आवृत्ती घेणं थांबवलं. डेबियनचे जुने प्रमुख ब्रूस पेरेन्स यांनी जाहीरपणे यावर बोट ठेवलं, बोभाटा झाला, आणि काही दिवसांत इंटेलने परवाना साधा केला. फडताळ वेगळं ठेवून प्रत्येक फाइलीचा परवाना वाचणारी माणसं असल्याचा हा फायदा. बंद फाइल वाटायचीच असेल तर ती डोळे उघडे ठेवून वाटणारा कुणीतरी हवा.

फर्मवेअर जुनं ठेवण्याचा धोका प्रोसेसरपुरता नाही. २०१७ मध्ये ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांमध्ये असा दोष सापडला की जवळपासच्या हल्लेखोराला फोनच्या मालकाने काहीही न करता चिपचा ताबा घेता येई. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींना तो लागू होता. चिपमधला प्रोग्राम स्वतंत्र यंत्रावर चालतो म्हणून आपण सुटलो, असं समजण्यात अर्थ नाही. बऱ्याच चिपांना मुख्य मेमरीला थेट हात घालता येतो.

जो ऐकून कॉम्प्युटर वापरतो

२०२२ च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह मॅकिन्टायर यांनी हा प्रश्न नव्याने मांडला. डेबियनच्या इन्स्टॉलरच्या प्रती बनवण्याचं काम ते वर्षानुवर्षं करत आले होते, त्यामुळे अडलेल्या माणसांच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत रोज पोचत. त्यांनी मांडलेल्या मुद्द्यांत एक असा होता, जो वायफायच्या गोंधळात कुणाच्या फारसा ध्यानात आला नव्हता.

डेबियनचा इन्स्टॉलर अंध माणसाला एकट्याने वापरता येतो. सुरुवातीच्या पडद्यावर इंग्रजी 'एस'ची कळ दाबायची, की प्रत्येक पडदा वाचून दाखवला जातो. ही सोय फार जपून, वर्षानुवर्षं राबून तयार केलेली आहे. पण अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये आवाजाच्या चिपलाही फर्मवेअर लागतं. ते नसेल तर स्पीकर मुका. डोळस माणसाला निदान 'फाइल सापडली नाही' हे वाचता तरी येतं. अंध माणसापुढे नुसती शांतता.

त्यातही विचित्र भाग असा की इंटेलच्या त्या आवाजाच्या फर्मवेअरचा सोर्स मुक्त आहे. 'साउंड ओपन फर्मवेअर' हे त्याचं नाव. पण बाजारातल्या बहुतेक लॅपटॉपची चिप इंटेलच्या गुप्त किल्लीने डिजिटल सही केलेलीच फाइल स्वीकारते. सोर्स वाचा, बदला, बांधा, सगळं करा. तुमची फाइल चिप घेणार नाही. म्हणून सही केलेली ती फाइल डेबियनच्या लेखी मुक्त नाही.

काय ठरलं

मतपत्रिकेवर सहा पर्याय होते, आणि 'यांपैकी काहीच नको' हा सातवा. कुणाला दोन्ही इन्स्टॉलर शेजारी शेजारी हवे होते, कुणाला करार न बदलता फर्मवेअर घ्यायचं होतं, कुणाच्या मते फर्मवेअर असलेला इन्स्टॉलर डेबियनचा मानूच नये. डेबियनमध्ये एकाच पर्यायावर शिक्का मारायचा नसतो, पसंतीचा क्रम लावायचा असतो, आणि प्रत्येक जोडीची तुलना होऊन निकाल लागतो. सामाजिक करार बदलायचा तर तीनास एक असं बहुमत लागतं.

डेबियनचेच एक सदस्य रस ऑलबेरी यांनी मांडलेला पर्याय जिंकला: इन्स्टॉलर एकच ठेवायचा, त्यात फर्मवेअर घालायचं, आणि तसं करताना करारात उघडपणे एक वाक्य लिहायचं. ज्या हार्डवेअरला गरज आहे तिथे डेबियन चालावं म्हणून डेबियनच्या अधिकृत माध्यमांत, एरवी डेबियनचा भाग नसलेलं फर्मवेअर असू शकेल, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. मला हा निर्णय यासाठी आवडतो की त्यांनी जुन्या शब्दांना ओढूनताणून नवा अर्थ चिकटवला नाही. वचन बदललं, ते लिहून बदललं.

अंमलबजावणी २०२३ च्या १० जूनला निघालेल्या डेबियन १२, म्हणजे बुकवर्ममध्ये झाली. इन्स्टॉलर आता मशीन तपासतो, लागेल तेवढंच फर्मवेअर बसवतो, आणि काय बसवलं त्याची नोंद ठेवतो. ज्याला काहीच नको त्याला सुरुवातीलाच तसं सांगून ते पूर्ण बंद करता येतं.

सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मात्र फडताळाची झाली, आणि तिची चर्चा सगळ्यात कमी होते. पूर्वी वायफायच्या एका फाइलीसाठी नॉन-फ्री फडताळ उघडलं की त्यातलं बाकीचं बंद सॉफ्टवेअरही आवाक्यात येई, आणि नकळत त्यातलं काही मशीनवर येऊन बसे. आता फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा कप्पा आहे. वायफायसाठी तो उघडा, बाकीचं फडताळ बंदच राहील. म्हणजे ज्या बदलाला लोक शरणागती म्हणाले, त्याने मुख्य प्रोसेसरवरच्या सॉफ्टवेअरबाबत कुंपण उलट घट्ट केलं. जुन्या आवृत्तीवरून आलेल्यांनी एवढं पाहावं की सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्या त्यांच्या यादीत या नव्या कप्प्याची ओळ आहे ना. नसेल तर फर्मवेअरच्या दुरुस्त्या गुपचूप यायच्या थांबतात.

इतर मुक्त प्रणालींनी वेगळ्या वाटा धरल्या आहेत. फेडोराच्या नियमांत फर्मवेअरला अपवाद म्हणून आधीपासून जागा आहे. उबुंटू पहिल्यापासून ते सोबत देतं. ओपनबीएसडीची रेषा मला विचार करण्यासारखी वाटते: मुख्य प्रोसेसरवर चालणारा बंद ड्रायव्हर कदापि नाही, पण चिपच्या आतलं फर्मवेअर वाटायची परवानगी असेल तर चालेल, आणि ज्याची परवानगी अडचणीची आहे ते प्रणाली बसल्यावर स्वतंत्रपणे उतरवायचं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची बॉस ही प्रणाली डेबियनवर उभी आहे, तेव्हा डेबियनच्या कप्प्यांची मांडणी आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांपर्यंतही झिरपते.

सहीची किल्ली

पुढचा खरा झगडा मला इन्स्टॉलरमध्ये दिसत नाही, सहीत दिसतो. एनव्हिडियाची २०१४ च्या सुमारास आलेली ग्राफिक्स कार्डं याचं उदाहरण. तेव्हापासून त्यांच्या कार्डांनी कंपनीच्या सहीचं फर्मवेअर मागायला सुरुवात केली. नूवो हा मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी कार्डाचं गणित स्वतःच्या कष्टाने उलगडलं होतं, पण सहीअभावी त्यांना कार्डाच्या घड्याळाचा, म्हणजे कामाचा, वेगही वाढवता येईना, आणि महागडं कार्ड मुक्त ड्रायव्हरवर रांगत राहिलं. २०२२ मध्ये कंपनीने कर्नलचा ड्रायव्हर खुला केला. चांगलं झालं. पण त्याआधी पूर्वी ड्रायव्हर करत असलेलं बरंच काम कार्डावरच्या प्रोसेसरकडे, म्हणजे कित्येक मेगाबाइटांच्या बंद फर्मवेअरकडे सरकवलेलं होतं.

ड्रायव्हर मुक्त, आणि त्याच्यापाशी करायला काम थोडं. ही युक्ती इतरांनीही उचलली तर 'आमची प्रणाली शंभर टक्के मुक्त' हे वाक्य अक्षरशः खरं राहील आणि मशीनवर आपला ताबा मात्र दर वर्षी कमी होत जाईल. इन्स्टॉलरमध्ये फाइल आहे की नाही, या प्रश्नाने हे पकडता येत नाही. पकडता येईल ते चिप घेताना विचारलेल्या प्रश्नाने: माझ्या सहीची फाइल ही चिप चालवेल का? आज या प्रश्नाला होकार देणारं हार्डवेअर थोडं आहे.

हे लिहितो आहे त्या लॅपटॉपवर आत्ता त्या नव्या कप्प्यातली पॅकेजेस मोजली. तीन निघाली: वायफायचं एक, ग्राफिक्सचं एक, मायक्रोकोडचं एक. एसएसडी, टचपॅड आणि बॅटरीतले बंद प्रोग्राम या यादीत येत नाहीत, कारण ते फाइल म्हणून कधी माझ्यासमोर आलेच नाहीत. पण या तिघांची नावं, आवृत्त्या आणि परवाने माझ्यासमोर आहेत, आणि पुढचा लॅपटॉप घेताना दुकानात कोणत्या तीन चिपांबद्दल विचारायचं ते मी लिहून ठेवलं आहे.